घरी इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्यांसाठी हेडफोन: निवडायचा कसा, तपासायचा कसा

नवा हेडफोन शोधायला लागण्याआधी जो हाताशी आहे तोच डोक्यावर चढवा. गाणी ऐकायचा साधा असला तरी चालेल. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक रचता त्यात एक सिंथ उघडा, फिल्टर आणि इफेक्ट सगळे बंद करा आणि फक्त एक शुद्ध साइन लहर ठेवा. आवाज बेताचा असू द्या. आता ११० हर्ट्झचा स्वर वाजवा. मग ५५. मग ४१. मग ३३.

(स्वरांची नावं मुद्दाम टाळली आहेत. काही सॉफ्टवेअरमध्ये कीबोर्डच्या मधल्या सी ला सी३ म्हणतात, काहींमध्ये सी४. त्यामुळे एकाचा ए१ हा दुसऱ्याचा ए० असतो. हर्ट्झचा आकडा बघितला की घोटाळा होत नाही.)

११० हर्ट्झ जवळपास कुठल्याही हेडफोनवर ऐकू येतो. खरी गंमत ५५ च्या खाली सुरू होते. स्वर हळूहळू क्षीण होत गेला तर घाबरू नका. माणसाचा कानच खर्जात मंद असतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की कमी आवाजात खालचे स्वर कानाला आणखी दुबळे वाटतात. पण एका स्वरापर्यंत ठीक आणि पुढच्याला एकदम शांतता, असं झालं तर ती हेडफोनची मर्यादा. स्वराबरोबर फरफर किंवा गुरगुर आली, तर हेडफोनमधला आवाज काढणारा पडदा ताणला जातोय. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ३३ वाजवलात आणि ऐकू आला वरच्या सप्तकातला ६६. म्हणजे मूळ स्वर गायब, उरली फक्त त्याची विकृती. तुम्ही मात्र समजता की बेस वाजतोय.

जे ऐकलंत ते कागदावर लिहून ठेवा. आता निवडीला लागायला हरकत नाही.

आधी हे समजून घ्या: आपलं काम इतरांपेक्षा खालून सुरू होतं

हेडफोन निवडीवरचे बहुतेक सल्ले गळा आणि गिटार ध्वनिमुद्रित करणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झवर वाजते. त्याखाली त्या मंडळींचं फारसं काही अडत नाही. उलट तिथला कचरा ते कापूनच टाकतात. आपली मात्र इमारतच तिथे उभी असते. १९८० मध्ये आलेल्या रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनच्या किकचा (ठेक्यातल्या जाड ठोक्याचा) मूळ सूर ५० हर्ट्झच्या आसपास आहे. टेक्नो-हाउसची किक साधारण ४५ ते ६० मध्ये बसते, आणि सब-बेस, म्हणजे बेसचा सगळ्यात खालचा थर, ३० पर्यंत उतरतो. जो हेडफोन ६० च्या खाली मुका होतो तो गायकासाठी उत्तम असेल, पण तुमच्यासाठी तो अर्धा आंधळा साक्षीदार आहे.

मग स्पीकरच का घेऊ नयेत? जरूर घ्या, पुढे कधीतरी. पण लहान खोलीत खर्जाच्या बाबतीत स्पीकरपेक्षा खोलीच जास्त बोलते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ३.४ मीटर अंतर असेल तर त्यांच्यामधली पहिली स्थिर लहर बरोबर ५० हर्ट्झच्या आसपास पडते. भिंतीजवळ बसलात तर तो स्वर घुमतो, खोलीच्या मधोमध बसलात तर जवळपास नाहीसा होतो. म्हणजे खुर्ची दोन हात सरकवली की किक बदलली! हेडफोनमध्ये खोलीच नाही. त्यामुळे घरी काम करणाऱ्याला तळाच्या दोन सप्तकांबाबत बरा हेडफोन हा बऱ्या स्पीकरपेक्षा अधिक विश्वासाचा ठरतो. उलटी गोष्टही खरी आहे: छातीवर बसणारा दणका हेडफोन देत नाही, आणि तो मिळावा म्हणून नवखा माणूस बेस वाढवत नेतो. त्याकडे नंतर येऊ.

पहिली पायरी: बंद की उघडा

क्लोज्ड-बॅक हेडफोनच्या वाट्या मागून बंद असतात. ओपन-बॅकच्या वाट्यांना मागे जाळी असते, हवा आणि आवाज दोन्ही आरपार जातात. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा पहिला ओपन-बॅक बाजारात आणला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. पुस्तकी नियम असा की ध्वनिमुद्रणासाठी बंद, मिक्ससाठी (सगळे आवाज तोलून एकत्र बसवण्यासाठी) उघडा. नियमामागचं कारण सरळ आहे. गायकाच्या कानातला आवाज माइकमध्ये शिरू नये म्हणून बंद, आणि मिक्स करताना आवाज मोकळा, डोक्याबाहेर पसरलेला वाटावा म्हणून उघडा.

पण तुमच्याकडे माइकच नसेल तर? इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या कित्येकांचं सगळं काम सिंथ आणि सॅम्पलवर चालतं. अशा वेळी पुस्तकी नियमाचं पहिलं कलम गळून पडतं आणि त्याच्या जागी घरगुती प्रश्न येतात. त्याच खोलीत कुणी झोपतं का? पंखा डोक्यावर घरघरतो का? रस्त्याचा आवाज येतो का? ओपन-बॅकमधून तुमची किक-हायहॅट शेजारच्या माणसाला स्पष्ट ऐकू जाते, आणि पंख्याची घरघर तुम्हाला. पंख्याचा आवाज म्हणजे सतत चालणारा नॉइज, आणि तो नेमका रिव्हर्बच्या (घुमाऱ्याच्या) शेपट्या आणि पॅडचे मंद, लांबलेले स्वर झाकतो. मग तुम्ही त्या झाकलेल्या गोष्टी वाढवता. शांत खोली नसेल तर ओपन-बॅकचा निम्मा फायदा तिथेच बुडाला असं समजा.

आता खर्जाचं. नेमकं इथेच घोडं पेंड खातं. नेहमीच्या डायनॅमिक जातीच्या (तारेच्या वेटोळ्याने पडदा हलवणाऱ्या) बऱ्याच ओपन-बॅक हेडफोनमध्ये पडद्यामागची लहर जाळीतून बाहेर पडते आणि खालचे स्वर ओसरत जातात. सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. १९९७ मध्ये आलेला हा हेडफोन अजूनही कित्येक मिक्स इंजिनिअरांच्या टेबलावर असतो, मधल्या पट्टीतला त्याचा खरेपणा वाखाणण्यासारखाच आहे, पण ६० हर्ट्झच्या खाली तो उतरणीला लागलेला असतो. गळा, पियानो, लीड सिंथ यांच्याबाबत त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवा. सब-बेस मात्र त्याच्यावर ठरवू नका.

बंद हेडफोन खर्जात खोलवर जातो, पण त्याची वेगळी खोड असते. बंद वाटीत हवा कोंडते, वाटी स्वतःही थोडी गुंजते, आणि १०० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात एखादा फुगवटा येतो. बेसलाइनमधले एक-दोन स्वर बाकीच्यांपेक्षा जाड वाटतात. सुरुवातीला केलेला साइनचा प्रयोग इथे कामाला येतो: त्याच आवाजात एकेक स्वर चढत जा, कुठला स्वर उगाच उडी मारतो ते कळेल.

तिसरी वाट प्लेनर मॅग्नेटिक हेडफोनची. यात सपाट पातळ पडद्यावरच वाहक पसरलेला असतो आणि चुंबक त्याच्या समोर. ओपन-बॅक असूनही चांगले प्लेनर ३० हर्ट्झपर्यंत जवळपास सरळ जातात. इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी कागदावर हे सगळ्यात उत्तम. अडचण वजनाची. काही मॉडेल अर्धा किलो ओलांडतात आणि दोन तासांनी मान बोलायला लागते. सेमी-ओपन हा शब्दही दिसेल. त्याचा ठरीव अर्थ नाही, प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने वापरते, त्यामुळे तो वाचून काही ठरवू नका.

माझं मत विचाराल तर पहिला आणि एकुलता एक हेडफोन घेणाऱ्याने, खोली खरोखर शांत नसेल तर, कानाभोवती बसणारा क्लोज्ड-बॅक घ्यावा. ओपन-बॅक हा दुसरा हेडफोन म्हणून फार गोड लागतो.

दुसरी पायरी: डोक्यावर बसतो का

याला लोक सोय-गैरसोय समजतात, पण हा थेट आवाजाचा प्रश्न आहे. बंद हेडफोनचा खर्ज गादीच्या सीलवर उभा असतो. गादी आणि गालाच्या मध्ये जराशी फट राहिली की ५० हर्ट्झच्या आसपासचा बेस गळून जातो. चष्म्याची काडी एवढी फट सहज करते. दाट केस, मोठे कानातले, गालफडाचा आकार, सगळ्यांनी फरक पडतो. चष्मा लावणाऱ्यांनी एक चाचणी करावीच: ४१ हर्ट्झचा स्वर चालू ठेवून चष्मा काढा आणि पुन्हा लावा. फरक ठळक असेल तर एक तर मऊ गाद्यांचा हेडफोन बघा, नाहीतर पातळ काडीचा चष्मा. मिक्स करताना कधी चष्मा लावून, कधी काढून बसणं हा प्रकार टाळा; ते दोन वेगवेगळे हेडफोन वापरण्यासारखं आहे.

कानाच्या पाळीवर टेकणारे हेडफोनही असतात. सेनहायझरचा एचडी २५ हा १९८८ पासूनचा त्यातला प्रसिद्ध, डीजे मंडळींचा लाडका. एक कान मोकळा ठेवून ऐकायला झकास, बाहेरचा गोंगाट अडवायला तरबेज. पण तो दाब पाळीवर घेऊन चार तास ऑटोमेशन (ट्रॅकमधल्या बदलांच्या रेषा) रेखाटत बसायचं म्हणजे शिक्षाच. घरी बसून काम करायचं असेल तर कान पूर्ण आत मावेल अशीच वाटी हवी, आणि आतल्या पडद्याच्या कापडाला कानाचं टोक टेकता कामा नये.

गादीचं कापड मखमली असेल तर घाम कमी येतो, सील किंचित सैल. कृत्रिम चामडं असेल तर सील घट्ट, कान तापतात. एकदा ठरवलं की तेच ठेवा. गाद्या बदलल्या की आवाज बदलतो, तोही थोडाथोडका नव्हे.

दुकानात दोन मिनिटं घालून काही कळत नाही. पाऊण तास घालून बसता आलं तर बसा. तसं जमणार नसेल तर परत करायची मुभा असलेल्या ठिकाणाहूनच घ्या, आणि पहिल्याच दिवशी सलग तीन तास वापरून बघा. टाळूवर एका बिंदूत ठणका लागला तर तो पुढे कमी होत नाही. बाजूचा दाब मात्र काही आठवड्यांत सैलावतो.

तिसरी पायरी: ओहमचा बाऊ आणि त्यातलं खरं

बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत वर्षानुवर्षं विकला गेला आहे, आणि नवख्यांचा पहिला गोंधळ बहुधा इथेच होतो. जास्त ओहम म्हणजे जास्त व्यावसायिक, असा समज आहे. तसं काही नाही. ओहम हा रोध आहे. तो जितका जास्त तितका तोच आवाज काढायला जास्त व्होल्टेज लागतं, एवढाच त्याचा मुख्य अर्थ.

हिशोब करून बघू. हेडफोनला १ मिलिवॉट शक्ती द्यायची तर ३२ ओहमला सुमारे ०.१८ व्होल्ट पुरतो, ८० ओहमला ०.२८, आणि २५० ओहमला ०.५ लागतो. तुमच्या लॅपटॉपचं हेडफोन लावायचं भोक जास्तीत जास्त १ व्होल्ट देत असेल तर २५० ओहमच्या हेडफोनमध्ये ४ मिलिवॉट पोचतात, म्हणजे १ मिलिवॉटच्या आकड्यापेक्षा फक्त ६ डेसिबल वर. संवेदनशीलता (१ मिलिवॉटला मिळणारा आवाज) ९६ डेसिबल लिहिली असेल तर शिखराला १०२. एरवी पुरेसं वाटेल, पण मास्टरिंग (शेवटचा हात फिरवून आवाज वाढवणं) न झालेला ट्रॅक मुळात १० ते १५ डेसिबल हळू असतो. मग आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवूनही किक पोचत नाही.

ऑडिओ इंटरफेस (संगणकाला जोडायचं आवाजाचं वेगळं यंत्र) असेल तर ८० ओहम बिनधास्त चालतात, बऱ्याच इंटरफेसवर २५० सुद्धा. थेट लॅपटॉप किंवा फोनला लावणार असाल तर ३२ ते ८० मध्ये राहा. वेगळ्या अॅम्पची गरज सुरुवातीला जवळपास कुणालाच नसते, कितीही लोक सांगोत.

एक गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. हेडफोनच्या भोकालाही स्वतःचा रोध असतो, आउटपुट इम्पिडन्स. तो हेडफोनच्या रोधाच्या आठव्या भागाहून कमी असावा असा ढोबळ नियम आहे. कारण डायनॅमिक हेडफोनचा रोध सगळीकडे सारखा नसतो. पडदा जिथे नैसर्गिकपणे हलतो त्या खालच्या पट्ट्यात तो वाढतो. भोकाचा रोध जास्त असेल तर नेमका तिथला आवाज फुगतो. ३२ ओहमचा हेडफोन आणि ३० ओहमचं भोक अशी जोडी जमली की तुम्हाला फुकटचा बेस मिळतो. तो तुमच्या ट्रॅकमध्ये नसतो. प्लेनरचा रोध सपाट असल्याने त्यांना याची बाधा होत नाही.

चौथी पायरी: वायर हवीच

बिनतारी हेडफोन घरात आधीच आहे, तोच वापरू का? इथे गणित बोलतं. १२५ बीपीएमवर (मिनिटाला १२५ ठोके) एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग म्हणजे सोळांश (चार ठोक्यांच्या आवर्तनाचा सोळावा भाग) १२० मिलिसेकंदांचा. नेहमीच्या ब्लूटूथला आवाज पोचवायला १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे तुम्ही पॅडवर बोट आपटलंत आणि हायहॅट एका सोळांशाहून जास्त उशिरा ऐकू आली. वायरवर १२८ सॅम्पलचा बफर (संगणक आवाज साठवून पुढे पाठवतो तो तुकडा) ४८ किलोहर्ट्झला तीनेक मिलिसेकंदांचा असतो. माउसने स्वर टिपत बसणाऱ्यालाही उशीर नकोच, पण बोटाने वाजवणाऱ्याला तो सहनच होणार नाही.

नॉइज कॅन्सलिंग चालू असलेल्या हेडफोनमध्ये आतली चिप बेस सतत सावरत असते. ऐकायला छान. मिक्सचा निवाडा द्यायला नको. वायर लावून ते बंद करता येत असेल तरी त्या स्थितीत आवाज बराच बदलतो, हे तपासा.

वायर हेडफोनमधून सुटी होणारी असेल तर उत्तम, कारण बहुतेक हेडफोन मरतात ते वायरीच्या बुडाशी. खुर्चीच्या चाकाखाली वायर चिरडण्याचा पराक्रम मी दोनदा केला आहे. पहिल्या वेळी वायर बदलली, दुसऱ्या वेळी वायर आतून जोडलेली होती आणि कात्री-सोल्डर घेऊन बसावं लागलं.

पाचवी पायरी: खोक्यावरचे आकडे आणि आलेख

खोक्यावर ५ ते ३५,००० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. किती डेसिबलच्या फरकात, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा निव्वळ शोभेचा. त्याऐवजी त्या मॉडेलचा स्वतंत्रपणे मोजलेला फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा आलेख शोधा. बऱ्याच मॉडेलांचे मिळतात.

आलेख वाचताना एक गोष्ट ठाऊक हवी. कानाच्या आत मोजलेला हेडफोनचा आलेख सपाट रेघ नसतो, आणि नसावाही. कानाची पाळी आणि नळी मिळून ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज दहाएक डेसिबलने चढवतात. स्पीकर ऐकतानाही ते घडत असतं. म्हणून तुलना लागते ती एखाद्या लक्ष्यरेषेशी. २०१२ नंतरच्या काही वर्षांत हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांना बसवून चाचण्या घेतल्या, आणि चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा वाटणारा तोल बहुतेकांना आवडतो असं दिसलं. त्यातून आलेली हार्मन रेषा आज बहुतेक आलेखांवर फिक्या रंगात दिसते. ती वेदवाक्य नाही, पण मोजपट्टी म्हणून चालते.

चार ठिकाणी बघा. ३० ते ६० हर्ट्झ: रेषा घसरते का? १०० ते २०० मध्ये फुगवटा आहे का? २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये खड्डा आहे का? ६ ते १० मध्ये सुळका आहे का?

चुका कानाला ऐकू येतं त्याच्या उलट्या दिशेने होतात, हे इथे डोक्यात पक्कं बसवा. बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो ८ किलोहर्ट्झच्या आसपास चांगलाच चढा आहे. त्यावर हायहॅट चरचरीत वाटते, म्हणून तुम्ही ती खाली आणता, आणि बाहेर ट्रॅक मंद, पांघरूण घेतल्यासारखा वाजतो. बेस जास्त देणाऱ्या हेडफोनवर बेस कमी पडलेला मिक्स होतो. बेस न देणाऱ्यावर केलेला मिक्स गाडीत लावला की काचा थरथरतात.

मॉडेलांबद्दल थोडंसं

पूर्ण यादी देत नाही. नाव सांगितलं की लोक तेच घेऊन मोकळे होतात. पण पाठ करण्यासारखे काही स्वभाव आहेत. डीटी ७७० प्रो: बंद, खर्ज खोल, बहुतेक रूपांत मखमली गाद्या, वरचे स्वर तिखट, जुन्या रूपात वायर सुटी होत नाही. ८० ओहमच्या रूपाला तीन मीटरची सरळ वायर असते, ती लॅपटॉपसमोर पायात येते. सोनीचा एमडीआर-७५०६, १९९१ पासूनचा: हलका, वरच्या मधल्या पट्टीत इतका स्पष्ट की क्लिक आणि वाईट कट लगेच पकडता येतात, पण त्याच कारणाने कान लवकर थकतात, गाद्यांचं आवरण काही काळाने काळ्या पापुद्र्यांनी झडतं. ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स: सुटी वायर, घडी होते, बेस किंचित वर. त्याच कंपनीचा एम४०एक्स त्याहून तोलाचा वाटतो, आणि माझ्या मते शिकाऊ माणसाला तोच बरा. सेनहायझरचा एचडी ५६०एस हा ओपन-बॅक असून एचडी ६०० पेक्षा खर्जात खाली जातो.

सहावी पायरी: दोन हेडफोन हातात आले की

तुम्हाला तोंडपाठ असलेले चार-पाच ट्रॅक सोबत ठेवा: एक निव्वळ किक-बेसचा, एक भरगच्च, एक मोकळा-शांत, एक गळा असलेला. स्वतःचा एक अर्धवट ट्रॅकही ठेवा; त्याच्या खोड्या तुम्हाला सगळ्यात जास्त ठाऊक असतात.

तुलना करताना आवाजाची पातळी जमवणं सगळ्यात महत्त्वाचं. दोनातला जो किंचित मोठा वाजतो तो हमखास चांगला वाटतो, हा कानाचा जुना दोष आहे. कमी ओहमचा हेडफोन त्याच कळीवर बहुधा मोठा वाजतो. त्यामुळे प्रत्येक वेळी कळ फिरवून गळ्याचा आवाज दोन्हीकडे सारखा वाटेपर्यंत थांबा, आणि मगच मत बनवा.

मोनोतला (दोन्ही कानांत एकसारखा जाणारा) गळा डोक्याच्या मधोमध एका ठिपक्यात बसायला हवा. तो डावीकडे ओढला गेला तर हेडफोन उलटा घाला. आता उजवीकडे ओढला गेला तर दोष हेडफोनचा. अजूनही डावीकडेच असेल तर तुमच्या कानांमध्ये थोडा फरक आहे, जो पुष्कळांच्या असतो. मग २० ते २०० हर्ट्झचा सरकता साइन स्वर लावा आणि दोन्ही बाजू एकसारख्या वाजतात का, कुठे फरफर होते का, ऐका. शेवटी किक आणि बेस एकत्र वाजवा. दोन वेगळे आवाज ऐकू येतात की एकच जाड गोळा, हे ज्या हेडफोनवर आधी कळतं तो घ्या, दुसरा दिसायला कितीही रुबाबदार असला तरी.

घेतल्यानंतरचे पहिले दोन आठवडे

नवा हेडफोन शंभर तास वाजवून मुरवावा लागतो असं सांगणारे भेटतील. गाद्या मऊ होतात हे खरं. बाकी मुरतो तो तुमचा कान. त्यामुळे पहिले दोन आठवडे मिक्सचे मोठे निर्णय घेऊ नका. तुमच्या जातकुळीतले आवडते ट्रॅक याच हेडफोनवर, याच भोकातून, याच पातळीवर ऐका. बाजारातल्या पक्क्या ट्रॅकची किक इथे कशी वाटते ते कानात बसू द्या. कळीवर पेन्सिलीने खूण करा आणि मिक्स करताना तिथेच परत या.

पातळीचा विषय निघालाच आहे तर: अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९४ ला फक्त एक. जागतिक आरोग्य संघटनेची सूचना त्याहून कडक आहे, ८० डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास. बेसचा दणका छातीत लागत नाही म्हणून हेडफोनवर आवाज वाढत जातो, आणि ते लक्षात येत नाही. काम संपल्यावर कानात शीळ वाजत असेल तर त्या दिवशीचा आवाज जास्त होता, एवढं समजून पेन्सिलीची खूण खाली आणा.

सब-बेस किती ठेवायचा याचा निवाडा एकट्या कानावर सोडू नका. फुकट मिळणारा कुठलाही स्पेक्ट्रम अॅनालायझर (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारा आलेख) मास्टरवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनलवर ठेवा, संदर्भाचा ट्रॅक शेजारच्या चॅनलवर घ्या, दोघांचा आवाज सारखा करा आणि ३० ते ८० चा भाग डोळ्यांनी ताडून बघा. बेसला वायडनर (आवाज डावीकडे-उजवीकडे पसरवणारा इफेक्ट) लावला असेल तर मोनोचं बटण दाबा. हेडफोनवर डाव्या-उजव्या बाजूंनी वेगवेगळा येणारा भव्य बेस मोनोत एकमेकाला खाऊन टाकतो, आणि क्लबमधल्या यंत्रणेत खर्ज बहुधा मोनोतच वाजतो.

हेडफोनमध्ये डावा आवाज फक्त डाव्या कानात जातो; स्पीकरवर तो थोड्या उशिराने उजव्यालाही लागतो. त्यामुळे हेडफोनवर पॅनिंग अवास्तव रुंद वाटतं आणि रिव्हर्बची प्रत्येक शेपटी ऐकू येते. परिणामी लोक रिव्हर्ब कमी ठेवतात. क्रॉसफीडचं प्लगइन डाव्याचा थोडा अंश उजव्यात मिसळून हे सौम्य करतं. रोज वापरायची गरज नाही, पॅनिंग ठरवताना पाच मिनिटं पुरतात. फोनच्या पिटुकल्या स्पीकरवरही एकदा ऐका. तिथे बेसलाइन पूर्ण नाहीशी झाली तर वरच्या सप्तकात थोडं सॅच्युरेशन (हलकी, मुद्दाम दिलेली विकृती) द्या, म्हणजे लहान स्पीकरलाही तिचा माग लागेल.

हेडफोनचा आलेख सरळ करणारी सुधारणा-सॉफ्टवेअरही मिळतात. ऑटोईक्यू हा खुला प्रकल्प हजारो मॉडेलांसाठी तयार इक्वलायझर आकडे देतो. ८ किलोहर्ट्झचा सुळका किंवा १५० चा फुगवटा यांना ती छान आवरतात. मात्र जो खर्ज पडद्याला पेलतच नाही तो इक्वलायझरने वाढवला की पदरी विकृती पडते. आणि एक सापळा: ही सुधारणा मास्टर चॅनलवर ठेवली असेल तर ट्रॅक एक्स्पोर्ट करताना बंद करायला विसरू नका. नाहीतर तुमच्या हेडफोनचा उलटा आलेख ट्रॅकमध्ये कायमचा कोरला जातो आणि बाहेर तो विचित्र का वाजतोय हे शोधण्यात आठवडा जातो. माझा गेला आहे. शक्य असेल तर सुधारणा संगणकाच्या पातळीवर, सॉफ्टवेअरच्या बाहेर ठेवा.

नव्या हेडफोनवर पहिल्याच दिवशी साइनचा प्रयोग पुन्हा करा आणि निकाल तारखेसह लिहून ठेवा. गाद्या चपट्या झाल्या की पडदा कानाच्या जवळ येतो, सील ढिला पडतो आणि आवाज इतका सावकाश बदलतो की रोज ऐकणाऱ्याला कळत नाही. सहा महिन्यांनी तोच प्रयोग करून जुन्या कागदाशी ताडा. ४१ चा स्वर पूर्वीपेक्षा दुबळा झाला असेल तर हेडफोन बदलायची घाई नको. आधी त्याच मॉडेलच्या मूळ गाद्या मागवा, आणि दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला.